वाघजाईच्या देवळातली दुसरी बाई

"देवी न्हाई म्हणतीया, बाई," तातोबा गुरव म्हणाले आणि खाली पडलेलं जास्वंदीचं फूल त्यांनी माझ्यासमोर धरलं. फूल डावीकडचं होतं.

चिरवंडच्या वाघजाईला कौल लावायची रीत सोपी होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आमचं डावं फूल तर तातोबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच खाली आलं होतं.

"पुन्हा लावता येत नाही का?" मी विचारलं.

"देवी हाय ती. इन्स्पेक्टर न्हाई, पुन्हा अर्ज करायला."

मला हवा होता तो टेपरेकॉर्डर देवीच्या उजव्या हाताला, समईशेजारी ठेवलेला होता. त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, हँडलला झेंडूच्या फुलांची वाळकी माळ. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला मशीद बंदरात ओझी उचलायला होते. त्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून तो देवळाला दिला होता. यात्रेच्या दोन दिवसांत त्याच्यावर भजनं वाजत. बाकी वर्षभर तो देवीशेजारी बसून नैवेद्य बघत असे.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. चिरवंडची शाळा म्हणजे कौलारू एक खोली, पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि मी एकटी. चौथीला भागाकार सांगायला पाठ वळवली की पहिलीतली पोरं खिडकीतून बाहेर. पहिलीला बाराखडी गिरवून घेत बसले की तिसरीत मारामारी. दिवस संपला की माझा घसा बसलेला असायचा आणि कुणालाच काही आलेलं नसायचं.

हे मला कळत होतं, तसंच ते शितोळेसाहेबांनाही कळलं होतं. ते आमचे विस्तार अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं करवतीसारखं. श्रावणात तपासणीला आले तेव्हा दुसरीतल्या एकाही मुलाला त्यांना धडा वाचून दाखवता आला नाही.

"निगडेबाई," ते म्हणाले, "एका बाईनं चार वर्ग शिकवायचे म्हणजे कुणालाच शिकवायचं नाही. मी तिसरी आणि चौथी पलीकडच्या मोरवण्याच्या शाळेत हलवतो. तिथं चार मास्तर आहेत. दिवाळीनंतर येऊन बघतो आणि निकाल लावतो."

कागदावर ते बरोबरच होतं. पण मोरवणं धरणाच्या पाण्यापलीकडे होतं आणि मधे होडी. पाणी वर चढलं आणि वारं फिरलं की त्या होडीत बसायला मोठी माणसंही कचरायची.

चौथीत तेव्हा चांगुणा कदम होती. काटकुळी, दोन घट्ट वेण्या, पाढे पळत म्हणणारी. तिचे वडील धोंडिबा मला दारात उभे राहूनच म्हणाले होते, "बाई, पोरगी हितं हाय तवर शिकवा. होडीत मी तिला घालायचो न्हाई. झालं एवढं पुष्कळ झालं." चौथीतल्या तिन्ही मुलींच्या घरी हेच उत्तर होतं. शाळा हलली की तिघींचं शिक्षण चिरवंडच्या धक्क्यावरच संपणार होतं.

चांगुणानं एवढंच विचारलं होतं, "मग माझी पाटी मी कुणाला देऊ?"

तिच्या त्या प्रश्नानं मला झोप लागेना. त्या तळमळीतच मला देवळातलं ते यंत्र आठवलं. माझा आवाज त्यात भरून ठेवता आला, तर पहिली-दुसरीला तो शिकवील आणि मी तिसरी-चौथीकडे बघीन. एका बाईच्या दोन बाई होतील. सरपंचांपासून सगळ्यांनी मान डोलावली आणि शेवटी सगळे एकच म्हणाले, "वस्तू देवीची हाय. तिला इचारा."

आणि देवीनं डावं फूल टाकलं होतं.

मी ज्यांच्या ओसरीवरच्या खोलीत राहत होते त्या बायजाआत्या खांबाला टेकून हे सगळं बघत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं गोंदण.

"तात्या," त्या म्हणाल्या, "तू देवीला इचारलंस तरी काय?"

"काय म्हंजी? यंत्र शाळंला देऊ का म्हणून इचारलं."

"मग न्हाईच म्हणंल ती! माहेरची आलेली वस्तू कुठली बाई दुसऱ्याच्या घरी देती? तुझ्या बायकूला इचार, तिचा पितळी डबा शाळंला देती का."

"मग काय इचारू?"

"यंत्र जागचं हालवू नगंस. पोरं हितं आणून बसवू का, असं इचार. पोरं तिचीच हाईत."

तातोबांनी माझ्याकडे बघितलं, देवीकडे बघितलं. प्रश्न नवा, म्हणजे कौलही नवा, असं पुटपुटत त्यांनी फुलं पुन्हा पाण्यात बुडवली. या वेळी बराच वेळ काहीच पडलं नाही. बाहेर शेळी ओरडली, थांबली. मग उजव्या खांद्यावरचं फूल अलगद घसरलं आणि देवीच्या पायावर येऊन थांबलं.

"बायजाक्का," तातोबा म्हणाले, "देवी तुमच्या घरात जेवाय येती का काय?"

*

कोऱ्या कॅसेट मुंबईहून आल्या. धोंडिबांच्या भावानं त्या पेढ्यांच्या पुडीबरोबर बांधून पाठवल्या होत्या आणि सगळ्या कॅसेटना पेढ्यांचा वास लागला होता. तातोबांची एकच अट होती. भजनाच्या कॅसेटला मी हात लावायचा नाही. त्यांनी त्या धोतराच्या फडक्यात बांधून गाभाऱ्यात ठेवून दिल्या.

रविवारी देऊळ रिकामं असताना मी भरायला बसले. चांगुणाला बटणं दाबायला घेतलं होतं. लाल बटण आणि शेजारचं बटण एकदम दाबायचं, हे ती माझ्याआधी शिकली. यंत्र सुरू झालं आणि माझी बोबडीच वळली. समोर पोरं नाहीत, नुसते खांब. खांबांना काय शिकवायचं?

"बाई, बोला की," चांगुणा कुजबुजली. "सेल जळत्यात."

मग मी डोळे मिटले आणि वर्ग डोळ्यांसमोर आणला. पुढे खंडू, नाक वाहतंय. त्याच्यामागे दोघी बहिणी, एका पाटीवर भांडणाऱ्या. मागे मारुती. त्याचं एक ठरलेलं होतं, पाढा सातवर आला की हा उठून उभा राहायचा, जणू घरी जायची वेळ झाली. तोंडाला सूर सापडला. मी एक ओळ म्हणायची, मग पोरांनी म्हणायला तेवढी जागा सोडायची, मग पुढची ओळ.

ऐकून बघितलं तेव्हा मी शरमले. सातच्या पाढ्याच्या मधोमध माझाच आवाज करड्या सुरात म्हणत होता, "मागे कोण उभं आहे? खाली बस बघू!" आणि लगेच, "खंडू, नाक पूस." समोर कुणी नसताना माझ्या तोंडून ते आपोआप गेलं होतं.

"पुसून टाकू आणि पुन्हा भरू," मी म्हटलं.

"नगा बाई," चांगुणा म्हणाली. "त्येच्याशिवाय तुमी वाटणारच न्हाई."

मंगळवारी पहिली-दुसरी देवळात बसली. तिसरी-चौथी घेऊन मी देवळाच्या कुशीतल्या पारावर, मधे फक्त गजांची खिडकी. चांगुणानं बटण दाबलं. देवळात माझा आवाज घुमला आणि पोरं पहिल्यांदा मला शोधायला लागली. एकानं देवीच्या मागे वाकून बघितलं. मारुती सातवर उठून उभा राहिला, यंत्र म्हणालं, "खाली बस बघू!" आणि तो असा बसला की पाटी हातातून सुटली. खंडूनं नाक पुसलं आणि दोन्ही कान धरले.

घोळ निराळाच झाला. थोड्या वेळानं खंडूनं करंगळी वर केली. लघवीला जायचं तर बाईंना विचारायचं, ही शिस्त मीच लावली होती. यंत्र काही बोलेना. खंडू करंगळी वर धरून बसला, बसला, आणि शेवटी देवळाची फरशी ओली झाली.

"बाईनी जा म्हटलंच न्हाई!" तो रडत रडत म्हणाला.

तातोबांनी गोमूत्र शिंपडलं आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी प्रत्येक कॅसेटमध्ये नवं वाक्य भरलं, "ज्यांना जायचं असेल त्यांनी जाऊन या." मग त्या वाक्याला देऊळ एकदम रिकामं व्हायचं आणि पुढचं वाक्य येईपर्यंत भरून जायचं. सेल मंदावले की आवाज जड आणि पुरुषी व्हायचा. पोरं म्हणायची, "बाईंचे मामा आले." मग चांगुणा सेल काढून पायरीवर उन्हात तापत ठेवायची आणि आधीचे तापलेले घालायची. दिवसभर देवळाच्या पायरीवर सेलांची रांग पापडांसारखी पसरलेली असे.

सगळ्यात आधी बदल माझ्या घशाला कळला. संध्याकाळीही तो माझाच राहू लागला. मग पारावर कळलं, तिसरीला पहिल्यांदाच माझा सलग तास मिळत होता. आणि दिवाळीच्या आधी एका दुपारी खंडू माझ्याकडे आला, शाळेच्या भिंतीवर कधीकाळी रंगवलेलं एक वाक्य बोटानं दाखवत त्यानं ते अडखळत वाचलं आणि विचारलं, "बाई, हे आधीपासनं असंच लिहिल्यालं हाय?"

*

शितोळेसाहेब दिवाळीनंतर आले ते न कळवता. होडी नेहमीच्या धक्क्याला न लागता वाऱ्यानं खालच्या अंगाला लागली, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. शाळेला कुलूप बघून त्यांचं काय झालं असेल ते देव जाणे. मी पारावर तिसरीला नकाशा दाखवत होते, तेव्हा पांढरा शर्ट आणि काखेतली चामडी पिशवी देवळाच्या पायऱ्या चढताना दिसली. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

मी उठले. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या बायजाआत्यांनी माझा पदर धरला.

"बसा," त्या म्हणाल्या.

"आत्या, साहेब आहेत ते! वर्गात मी नाही, काय म्हणतील?"

"तुमी हाय की वर्गात. आवाज येतोय न्हवं? बोलू द्या तिला."

मी खिडकीशी गेले, गजांना धरून उभी राहिले. आता निकाल लागणार होता, आणि माझ्या बाजूनं बोलायला आत एक डबा होता, झेंडूची माळ घातलेला.

साहेबांनी बूट काढले आणि मागच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. आधी त्यांची नजर मला शोधत फिरली. मग ती समईशेजारी थांबली आणि भुवया वर चढल्या. पोरांनी एकदा वळून बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं. पाढा चालू होता. यंत्र म्हणे, "सात चोक?" पोरं म्हणत, "अठ्ठावीस!" यंत्र म्हणे, "सात पाचा?" पोरं म्हणत, "पस्तीस!" साहेबांनी पिशवी उघडून कागद काढला. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला चांगुणाची पाटी आठवली.

आणि मग पुढे काय येतंय ते माझ्या लक्षात आलं. मी "अगं चांगुणा, बंद कर!" असं ओरडणार, तेवढ्यात ते आलंच.

"मागे कोण उभं आहे? खाली बस बघू!"

मारुती त्या दिवशी जागचा हललाच नव्हता. उभं राहिलेलं एकच माणूस होतं.

शितोळेसाहेब खाली बसले.

विचार न करता बसले, मांडी घालून, थंड फरशीवर, मारुतीच्या शेजारी. कुणी हसलं नाही. बाईंनी सांगितलं, माणूस बसला, यात पोरांना नवल वाटायचं कारणच नव्हतं. फक्त खंडू मागे सरकला आणि साहेबांच्या कानाशी लागून म्हणाला, "नाक पुसून घ्या. आता त्येच म्हणणार हाय."

"खंडू, नाक पूस," यंत्र म्हणालं.

खंडूनं बाहीनं पुसलं. साहेबांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला होता, तो त्यांनी अर्ध्यावर थांबवला. माझ्यामागे बायजाआत्या तोंडात पदर कोंबून गदगदत होत्या.

आठचा पाढा सुरू झाला आणि सेल मंदावले. "आठ... दुणे..." माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल गेला. साहेब म्हणाले, "हं. झालं का बंद?"

"बंद न्हाई, मामा आल्यात," मारुतीनं त्यांना समजावलं.

चांगुणा तोवर पायरीवर पोचली होती. तिनं ओच्यात तापलेले सेल आणले, झाकण उघडलं, जुने काढले, नवे घातले, झाकण लावलं. "आठ त्रिक?" मी ठणठणीत आवाजात विचारलं. "चोवीस!" देऊळ म्हणालं.

कॅसेट संपेपर्यंत साहेब उठले नाहीत. मग उभे राहिले, विजार झटकली आणि पोरांपुढे आले.

"डब्यातलं पाठ झालंय तुमचं," ते म्हणाले. "आता डब्यात नाही ते विचारतो." त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि खंडूपुढे धरलं. "हे वाच."

खंडूनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या त्या कागदावर बोट ठेवलं. "पु-ण्या-त... पा-ण्या-ची... टं-चा-ई." मग मान वर करून साहेबांना म्हणाला, "आमच्यात हाय की भरपूर. न्या म्हणावं."

साहेबांनी आणखी चौघांना विचारलं. दोघी बहिणींनी एकाच ओळीवरून भांडण काढलं, पण वाचलं. मग ते बाहेर पारावर आले. मी नमस्कार केला, त्यांनी नुसती मान हलवली. चौथीसमोर उभे राहिले.

"तू. बटणं दाबणारी. नाव काय?"

"चांगुणा धोंडिबा कदम."

"होडीत बारा माणसं बसतात. चाळीस माणसं मोरवण्याला न्यायची आहेत. होडीच्या किती फेऱ्या?"

"चार," चांगुणा म्हणाली. दम घेतला. "पण वारं सुटलं तर एक बी न्हाई, साहेब."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग आपल्या ओल्या विजारीकडे बघितलं. मग खाली पाण्याकडे, जिथं होडीवाला होडी दोरानं ओढत अजून धक्क्याकडे आणत होता. बायजाआत्यांच्या सुपातला तांदळाचा आवाज थांबला होता.

"निगडेबाई," शेवटी ते म्हणाले, "मी श्रावणात जे म्हणालो ते अजूनही म्हणतो. एका बाईला चार वर्ग शिकवता येत नाहीत."

मी पारावरचा नकाशा गुंडाळायला घेतला.

"पण इथं दोन बाई आहेत," ते म्हणाले. "आणि दुसरी जास्त कडक आहे. तिसरी-चौथी इथेच राहील. सेलांचं मी बघतो. बाकीच्या एकशिक्षकी शाळांतल्या गुरुजींना पाठवीन, त्यांना हे भरायचं कसं ते शिकवा."

चांगुणानं टाळी वाजवली नाही. ती खाली वाकली, आपली पाटी उचलली आणि छातीशी घट्ट धरून उभी राहिली. टाळ्या नाहीतच, घंटा वाजली. तातोबांनी आत देवळाची घंटा धरली होती आणि ते ती सोडायलाच तयार नव्हते. बाया घरांतून धावत आल्या, कुणाला वाटलं आग लागली. धोंडिबा खांद्यावरच्या भाऱ्यासकट पळत आले.

"काय झालं? काय झालं?"

"काय व्हायचंय?" तातोबा म्हणाले. "देवीनं दिवाळीच्या आधीच सांगितलं हुतं. साहेबास्नी आज कळलं."

साहेब गूळपाणी घेऊन निघाले. बूट घालताना मला म्हणाले, "बाई, त्या कॅसेटमधलं ते वाक्य..."

"पुसून टाकते, साहेब."

"नको, नको," ते घाईनं म्हणाले. "राहू दे. बसलं की माणसाला नीट दिसतं."

*

याला आता किती वर्षं झाली ते मोजायचा मला कंटाळा येतो. मी साताऱ्यात लेकाकडे असते. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज गेला तो गेलाच. फुसफुसल्यासारखं बोलते, नातवंडांना जवळ यावं लागतं. ज्या आवाजावर चार वर्ग हाकले तो आता एका खोलीतही पोचत नाही.

परवा सकाळी ओट्याशी चहा करत होते तर सुनेनं फोन आणून माझ्यासमोर उभा केला. पडद्यावर चांगुणा. केस पिकलेत, चष्मा आलाय, वेण्यांचा अंबाडा झालाय. चिरवंडच्याच शाळेत मुख्याध्यापक आहे, येत्या मेमध्ये निवृत्त होईल. तिच्यामागे भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला, आणि पोरं. आता इमारत पक्की आहे, चार खोल्या आहेत, पण पोरं तशीच, पुढच्याचं नाक वाहतंय.

"बाई," ती म्हणाली, "गाभारा रंगवायला काढला तर भजनाच्या कॅसेटच्या फडक्यात एक आपली सापडली. भाच्यानं ती कॉम्प्युटरवर घेतली. ऐकवते. बोलू नका तुम्ही, नुसतं ऐका."

तिनं बटण दाबलं. बटणं दाबायची तिची ढब तीच होती.

आधी खरखर आली, लांब शेळीचा आवाज आला, आणि मग कुणीतरी बाई, ठणठणीत, तरणीताठी, म्हणाली, "सात एके?"

"सात!" पोरं ओरडली.

मी हातात गाळणं धरून ऐकत होते. चहा उतू चालला होता, सून तो बघत होती. सात चोक झालं, सात पाचा झालं. एवढा मोठा आवाज माझा होता?

"मागे कोण उभं आहे?" बाई म्हणाली. "खाली बस बघू!"

मी खुर्ची ओढली आणि निमूट खाली बसले.